राखणदाराचा वाटा

शास्त्रभाग : १ शमुवेल २२:१-२, २३:१९-२८, २५:२-३५



हा पाठ घरच्या प्रार्थनासभेत किंवा महिला मंडळात घ्यायचा असेल, तर वरचे तिन्ही भाग आधी मोठ्याने वाचून घ्या. घाई करू नका. विशेषतः पंचविसावा अध्याय. आपण लहानपणी शब्बाथ शाळेत दावीद आणि गल्याथ शिकलो, दावीद आणि योनाथान शिकलो. पण दावीद आणि नाबाल ही गोष्ट बहुतेकांना धड आठवत नाही. मलाही ती आठवत नव्हती. मला ती पुन्हा वाचायला लावली उमाजी नाईकांनी.

उमाजी नाईक ख्रिस्ती नव्हते. ते जेजुरीच्या खंडोबाचे भक्त होते, सरकारविरुद्ध शस्त्र घेतलेले बंडखोर होते आणि त्यांना याच शहरात फाशी झाली. मग मिशनच्या अंकात त्यांचा पाठ कशाला, असे काही जणांना वाटेल. पाठ संपेपर्यंत तो प्रश्न मनात राहू द्या. चरित्र आणि शास्त्र शेजारी ठेवून वाचले की कधी कधी दोन्ही जास्त नीट कळतात.

कसबा पेठेतल्या आपल्या कार्यालयातून निघा. शनिवारवाड्यावरून शिवाजी रस्त्याने मंडई ओलांडून शुक्रवार पेठेतल्या खडकमाळ आळीपर्यंत चालत जा. सावकाश चालले तरी अर्धा तास लागतो. तिथे जुनी मामलेदार कचेरी आहे. सातबारा, दाखले, उत्पन्नाचे प्रमाणपत्र अशा कामांसाठी मी तिथे अनेकदा रांगेत उभी राहिले आहे. याच जागेत ३ फेब्रुवारी १८३२ रोजी उमाजी नाईकांना फाशी देण्यात आले. लोकांना जरब बसावी म्हणून त्यांचा देह तीन दिवस बाहेरच्या पिंपळाला टांगून ठेवला होता, असे सांगतात. आता तिथे त्यांचे स्मारक आहे. जातीचा दाखला मागायला आलेली माणसे त्याच्या बाजूने जातात-येतात.

कोण होते हे?

पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याच्या परिसरातले भिवडी हे त्यांचे गाव. जन्म ७ सप्टेंबर १७९१. वडील दादजी खोमणे, आई लक्ष्मीबाई. जात रामोशी. हा शब्द 'रानवासी' वरून आला असे काही जण म्हणतात. ते खरे असो वा नसो, या लोकांचे आयुष्य रान, डोंगर आणि रात्र यांच्याशी बांधलेले होते एवढे नक्की. गावाची राखण हे त्यांचे पिढीजात काम. मराठीत 'रामोशी' या शब्दाचा एक अर्थच मुळी पहारेकरी असा आहे. इंग्रजांच्या काळात पुण्याच्या कॅम्पातले गोरे साहेबही बंगल्यावर रात्रीसाठी रामोशी ठेवत.

हे राखणीचे काम कसे चाले ते जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या पाठाची किल्ली तिथे आहे.

गावात रात्री चोरी झाली, की सकाळी पहिली हाक रामोशाला. त्याने माग काढायचा. मऊ मातीतले पाऊल, दवात दबलेले गवत, ओढ्याच्या काठची मोडलेली फांदी बघत बघत तो माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत न्यायचा आणि त्या गावच्या रामोशाच्या हवाली करायचा. मग पुढची जबाबदारी त्या गावाची. आणि माग आपल्याच शिवेत हरवला, तर? तर चोरीचा माल भरून देण्याची जबाबदारी रामोशावर यायची. आज आपण विमा म्हणतो तो प्रकार हाच. फरक एवढाच, की विमा कंपनी हप्ता आधी घेते आणि रामोशाला त्याचा वाटा खळ्यावर, सुगीनंतर मिळायचा. धान्याचा वाटा, कुठे थोडी इनाम जमीन, सणाला पोळी. किल्ल्यावर पहारा असेल तर किल्ल्याच्या नेमणुकीतून वतन. पुरंदरचा पहारा रामोशांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या होता. उमाजींचे घराणे त्यातलेच.

हे चित्र मी गोड करून दाखवत नाही. जुन्या सरकारी कागदांत तक्रार आहे की रामोशाला पैसे द्यायचे ते त्याने चोरी पकडावी म्हणून कमी आणि त्याच्या भाऊबंदांनी चोरी करू नये म्हणून जास्त. त्यात काहीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. राखण आणि खंडणी यांच्यामधली रेघ बारीक असते. हे वाक्य लक्षात ठेवा. दावीदाकडे गेलो की ते पुन्हा लागेल.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुरंदरवरचा रामोशांचा पहारा काढला गेला आणि त्याबरोबर वतनही गेले. म्हणजे पहिला घाव इंग्रजांनी घातला नाही, आपल्याच राज्यकर्त्यांनी घातला. हे सांगायला हवे, कारण स्मारकावरच्या भाषणांत ते सहसा येत नाही. नंतर १८१८ साली पेशवाई गेली, कंपनी सरकार आले आणि राज्यभरच्या किल्ल्यांवरच्या शिबंद्या मोडल्या. सरकारी खर्च वाचला. पण डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या हजारो रामोशी आणि कोळी माणसांना सकाळी उठून जायला जागा उरली नाही. वतन नाही, पगार नाही, शेती पुरेशी नाही. हाती भाला आहे, गोफण आहे आणि रात्री डोंगर चढायची सवय आहे. त्यातच १८२५ च्या सुमारास पुणे भागात पाऊस ओढला आणि धान्य महागले.

आता २२ व्या अध्यायाची पहिली दोन वचने पुन्हा काढा. अदुल्लामच्या गुहेत दावीदाभोवती कोण जमले? अडचणीत सापडलेले, कर्जात बुडालेले आणि मनातून कडवटलेले. सुमारे चारशे माणसे. शास्त्र त्यांना पुण्यवान म्हणत नाही, देशभक्तही म्हणत नाही. ते फक्त त्यांची स्थिती सांगते आणि दावीद त्यांचा पुढारी झाला असे नोंदवते.

उमाजींचेही असेच झाले. तरुणपणी लुटीच्या एका प्रकरणात ते पकडले गेले आणि त्यांना वर्षभर कैद झाली. त्या वर्षात ते लिहायला-वाचायला शिकले. आपल्यातले जे तुरुंग-सेवेत जातात त्यांनी ही ओळ अधोरेखित करून ठेवावी. पुढे हा माणूस जाहीरनामे काढणार होता. त्याचे मूळ कोठडीत गिरवलेल्या मुळाक्षरांत आहे. सुरुवातीला सत्तू नाईक पुढारी होते आणि उमाजी त्यांच्या बरोबर. १८२४ मध्ये भांबुर्ड्याचा, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचा, सरकारी खजिना लुटला गेला. पुण्याच्या अगदी दाराशी. सत्तू नाईकांनंतर जमाव उमाजींच्या मागे आला.

सरकारने १८२६ मध्ये त्यांच्यावर बक्षीस लावले. सुरुवातीची रक्कम शंभर रुपये होती. पुढची पाच वर्षे हा आकडा वाढत गेला. मला वाटते, उमाजींचे चरित्र नुसत्या या बक्षिसाच्या आकड्यांवरूनही लिहिता येईल.

१८२७ च्या अखेरीस उमाजींनी तेरा गावांना हुकूम पाठवला की सारा सरकारात भरू नका, माझ्याकडे भरा. इथे नुसती लूट संपते आणि दुसरे काही सुरू होते. लुटारू रात्री येऊन माल नेतो. सारा मागणारा म्हणतो, या गावाची राखण मी करतो, म्हणून वाटा माझा. खळ्यावरचा हिरावून घेतलेला वाटा ते या मार्गाने परत मागत होते.

आणि सरकारने काय केले? पलटणी फिरवल्या, चौक्या बसवल्या, बक्षीस वाढवले. गावे बोलेनात. मग १८२८ मध्ये सरकारनेच तह केला. उमाजींना माफी दिली, तनखा दिला आणि त्यांना व त्यांच्या माणसांना पोलीस म्हणून राखणीच्या कामावर घेतले. म्हणजे जे काम काढून घेतल्यामुळे हे सगळे पेटले, तेच काम सरकारने परत दिले. सरकारी कागदावर याहून मोठा कबुलीजबाब दुसरा कोणता असेल? पण तो तह टिकला नाही. दोन्ही बाजूंचा एकमेकांवर विश्वास नव्हता. सरकारला वाटत होते की हा आतून लूट चालवतो आहे, आणि तसे आरोप झालेही. १८३० च्या अखेरीस उमाजी पुन्हा डोंगरात होते आणि सैन्य त्यांच्या मागावर.

१६ फेब्रुवारी १८३१ चा त्यांचा जाहीरनामा प्रसिद्ध आहे. लोकांनी इंग्रजांची चाकरी सोडावी, सारा देऊ नये, सरकारी खजिने लुटावेत, हे राज्य आता फार दिवस राहायचे नाही, असा त्याचा आशय. गोऱ्यांना दिसतील तिथे मारावे असेही त्यात होते. ज्यांची वतने बुडाली त्यांना ती परत मिळवून देण्याचे आश्वासनही होते. सत्तावनच्या उठावाच्या सव्वीस वर्षे आधीची ही गोष्ट. उमाजींना 'आद्यक्रांतिवीर' म्हणतात ते यामुळे.

आता नाबालाकडे वळू.

कर्मेलात त्याची तीन हजार मेंढरे आणि हजार शेरडे. कातरणीचे दिवस, घरात मेजवानी. दावीद दहा तरुण पाठवतो. निरोप नम्र आहे : तुझे मेंढपाळ रानात होते तेव्हा आम्ही त्यांना त्रास दिला नाही, त्यांचे काही हरवले नाही, आजच्या चांगल्या दिवशी जे हाताला येईल ते आम्हाला दे. नाबाल विचारतो, हा दावीद कोण? आणि पुढे असे काही म्हणतो की हल्ली धन्याला सोडून पळालेल्या चाकरांचा सुकाळ झाला आहे. या उत्तराचा सूर मला फार ओळखीचा वाटतो. राखण चालू असते तोवर राखणदार दिसत नाही. वाटा मागायला आला, की तो कुठला कोण असतो.

आता इथे एक अडचण आहे, आणि अभ्यासवर्गात कोणीतरी ती काढतेच. दावीदाने राखण करण्याचा करार केला होता का? न मागितलेली राखण करायची आणि मग सणाच्या दिवशी सशस्त्र माणसांच्या वतीने वाटा मागायचा, ही खंडणी नव्हे का? शंका रास्त आहे. आणि नकार मिळाल्यावर दावीद चारशे माणसे घेऊन, सकाळपर्यंत नाबालाच्या घरात एकही पुरुष जिवंत ठेवायचा नाही अशी शपथ घेऊन निघतो. त्याचे समर्थन मी तरी करू शकत नाही. पुढे २७ व्या अध्यायात त्याच्या स्वाऱ्यांचे वर्णन आहे, तेही वाचून पाहा. शास्त्र आपल्या आवडत्या राजाला धुऊन-पुसून पुढे ठेवत नाही.

पण शंकेचे उत्तर गोष्टीतच आहे. ते नाबाल देत नाही आणि दावीदही देत नाही. नाबालाचा एक चाकर अबीगईलकडे धावत येतो आणि सांगतो की ती माणसे आमच्याशी फार चांगली वागली, रात्रंदिवस आम्हाला भिंतीसारखी होती. रानात मेंढरांबरोबर जो झोपला त्याची ही साक्ष. राखण होती की खंडणी, हे ठरवायचा अधिकार त्याचा. अबीगईलचे मोठेपण मला दोन गोष्टींत दिसते. तिने चाकराचे ऐकले. आणि ऐकल्यावर वेळ न घालवता दोनशे भाकरी, द्राक्षारस, तयार मेंढरे, हुरडा, मनुका, अंजिरांच्या ढेपा गाढवांवर लादल्या. म्हणजे थकलेला वाटा आधी पोचवला, भाषण नंतर केले.

उमाजींच्या गोष्टीत मेंढपाळाची साक्ष कोणी घेतली नाही. सासवडच्या, जेजुरीच्या, भोरच्या बाजूच्या कुणब्याला, धनगराला कोणी विचारले नाही की हा माणूस तुम्हाला भिंत होता की दरोडेखोर. पण एक मुकी साक्ष मात्र आहे. पाच वर्षे गावांनी त्यांना धरून दिले नाही. काहींनी भीतीने, हे कबूल करायला हवे. उमाजींच्या माणसांनी गावे लुटली, विरोधात गेलेल्यांना क्रूर शिक्षा केल्या, खबऱ्यांना सोडले नाही. पण नुसत्या भीतीवर पाच वर्षे निघत नाहीत. भीती असती तर शंभर रुपयांना कोणीतरी केव्हाच विकले असते.

विकले शेवटी आपल्याच माणसांनी. बक्षीस दहा हजार रुपये आणि चारशे बिघे जमीन इतके वाढले होते. पूर्वी उमाजींबरोबर वावरलेले काळू आणि नाना सरकारला सामील झाले, आणि १५ डिसेंबर १८३१ रोजी भोरजवळच्या उत्रोळी गावी उमाजी पकडले गेले. २३ व्या अध्यायातले जीफी लोक आठवा. तेही दावीदाच्याच, यहूदाच्या वंशाचे. त्यांनी शौलाला दावीदाच्या लपण्याच्या जागा सांगितल्या. दावीद त्या दिवशी डोंगराच्या एका अंगाने आणि शौल दुसऱ्या अंगाने चालत होता, आणि पलिष्ट्यांच्या स्वारीची बातमी आली म्हणून तो वाचला. उमाजींसाठी तशी बातमी आली नाही.

पकडल्यापासून फाशीपर्यंत पन्नास दिवस. ते कैदेत असताना कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या अधिकाऱ्याने त्यांच्याकडून त्यांच्या आयुष्याची हकीकत ऐकली आणि लिहून काढली. त्याने रामोशांच्या चालीरीती, कुळे, देव, त्यांची सांकेतिक बोली, सगळे टिपले आणि १८३३ साली मुंबईत इंग्रजीत पुस्तक काढले. उमाजींविषयी आज जे काही खात्रीने सांगता येते, त्यातले बरेचसे या पुस्तकातून आले आहे. मॅकिंटॉशच्या लिहिण्यात तिरस्कार आहे, पण एक नाइलाजाचा आदरही आहे. हा साधा लुटारू नव्हता, शिवाजी महाराजांचे उदाहरण याच्या डोळ्यापुढे सतत होते, हे तो मान्य करतो.

हे पुस्तक छापले कोणी? मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसने.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. ज्या अमेरिकन मिशनच्या छापखान्याने १८१७ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले, त्याच परंपरेतल्या छापखान्यातून रामोशांचा हा वृत्तांत निघाला, पकडणाऱ्या पक्षाच्या नजरेतून लिहिलेला. छापखान्याने गुन्हा केला असे मी म्हणत नाही. बाहेरचे काम घेऊन ते छापणे हा छापखान्याचा व्यवहार असतो, आणि ते छापले नसते तर उमाजींचा आवाज आणखी कमी उरला असता. पण विचार करा. दावीदाची गोष्ट शौलाच्या दरबारातल्या लेखकाने लिहिली असती, तर? अदुल्लामची गुहा दरोडेखोरांचा अड्डा झाली असती. कर्मेलचा प्रसंग धनाढ्य शेतकऱ्याकडे मागितलेली खंडणी झाला असता. बेथलेहेमच्या इशायाचा मुलगा 'फरारी इसम' म्हणून नोंदला गेला असता. दावीद राजा झाला म्हणून त्याची गोष्ट आपल्याला त्याच्या बाजूने मिळाली. उमाजी राजा झाले नाहीत. रामोशी समाज त्यांना आजही 'राजे' म्हणतो. सभ्य माणसे त्यावर हसतात, ते मी ऐकले आहे. पण वरची गोष्ट लक्षात घेतली की त्या शब्दात काय आहे ते कळते.

महाराष्ट्रात अशी नावे आणखी आहेत. अकोल्याच्या डोंगरातले महादेव कोळी राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. चांद्याचे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांना १८५८ मध्ये चंद्रपूरला. खानदेश-नाशिककडचे भिल्ल नाईकही आहेत. त्यांचे पाठ स्वतंत्र घ्यावे लागतील. राघोजींच्या भागात आपले काही वाचक शिक्षक म्हणून काम करतात. त्यांनीच ते लिहावे असे मी सुचवते.

उमाजींच्या माणसांचे पुढे काय झाले, त्यावर मात्र थांबायला हवे. १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या सुधारणेने तो देशभर लागू होऊ शकला. या कायद्याखाली जमातच्या जमात जन्माने गुन्हेगार ठरवता येई. माणसाने काही केलेले नसले तरी पोलीस चौकीवर हजेरी. गाव सोडायला परवाना. काही जमातींना तारेच्या कुंपणात वसवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून या जमातींना 'विमुक्त' म्हणतात. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावे आहेत आणि रामोशी त्यांत आहेत. अनुसूचित जमातींच्या यादीत नाहीत. आपल्या नावात 'आदिवासी कल्याण' असल्यामुळे हे आपल्या कामाचे लोक नव्हेत असे कोणी म्हटले, तर सरकारी यादीने आपल्या सेवेची शीव आखू नये, एवढेच माझे म्हणणे.

आणि त्या वसाहतींतल्या काही आपल्या मिशनांनी चालवल्या. मुक्तिफौजेने देशात अनेक ठिकाणी. सोलापूरच्या वसाहतीचे काम काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होते. सोलापुरात त्या भागाला अजून 'सेटलमेंट' म्हणतात. तिथे शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, हातांना काम मिळाले, गिरणीत नोकऱ्या लागल्या. तिथे मनापासून राबलेल्या मिशनरी बायका-पुरुषांविषयी मला आदर आहे. तरीही कुंपण कुंपणच होते, आणि हजेरीची वही आपल्या लोकांच्या हातात होती. आपल्या शताब्दीच्या स्मरणिकांत शाळांचे फोटो येतात. कुंपणाचा फोटो मी अजून पाहिलेला नाही.

इथवर दुसऱ्यांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी.

काही वर्षांपूर्वी मी एका वसतिगृहात काम करत होते. कापणीच्या उपकारस्तुतीच्या सणाचे दानाचे पाकीट कपाटातून नाहीसे झाले. सातशे-साडेसातशे रुपये असतील. वसतिगृहात तेव्हा चाळीस मुले होती. आम्ही पहिल्यांदा कोणाला बोलावले? पुरंदर तालुक्यातून आलेल्या रामोशी मुलाला. नववीत होता. त्याला बोलवा, असे कोणी मोठ्याने म्हटले नाही, तशी गरजच पडली नाही. मी स्वतः त्याची पेटी उघडायला लावली. त्याने एक एक कपडा काढून पलंगावर ठेवला आणि शेवटी रिकामी पेटी उलटी करून दाखवली. दोन दिवसांनी पाकीट हिशेबाच्या जुन्या वहीत सापडले. ठेवणाऱ्याला आपणच ठेवल्याचे आठवत नव्हते. त्याची पेटी कोणी तपासली नव्हती.

मुलगा दिवाळीच्या सुट्टीत घरी गेला तो आलाच नाही. मी सासवडमार्गे त्याच्या वाडीवर गेले. तो घरात नव्हता, किंवा माझी चाहूल लागून निघून गेला असेल. आजी होती. तिने मला पाट दिला, चहा केला. मी माफी मागितली. तिने बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग म्हणाली, "बाई, माझ्या सासऱ्याच्या हाती आख्ख्या गावाची रात असायची. देवळाची किल्ली त्याच्या करगोट्याला. दागिने अंगावर घालून बाया माहेराला निघायच्या, तर सोबतीला त्यालाच धाडायचे." आणि जरा थांबून म्हणाली, "पोरगं आता यायचं नाही. तुम्ही चहा घ्या."

त्यानंतर मी हा अध्याय वाचला. त्याआधी कितीतरी वेळा वाचला असेन, पदविकेच्या परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते, अबीगईलचे शहाणपण या विषयावर. तेव्हा मी स्वतःला अबीगईलच्या बाजूने धरून चालले होते.

वर्गात चर्चेसाठी एक सुचवते. नाबालाच्या घरातली माणसे वाटून घ्या : नाबाल, अबीगईल, तो चाकर, दारात उभे राहिलेले दहा तरुण. प्रत्येक गटाने त्या दिवसाची हकीकत आपल्या बाजूने सांगावी. नंतर तीच वाटणी उमाजींच्या गोष्टीत करून बघा. तेरा गावांपैकी एका गावचा पाटील, कलेक्टर कचेरीतला कारकून, मॅकिंटॉश, काळू आणि नाना, भिवडीतली एखादी रामोशी बाई. त्या बाईची हकीकत सांगायला सगळ्यात जड जाईल, कारण तिच्याविषयी कोणी काही लिहून ठेवलेले नाही. सोसायटीत रात्रपाळीचा पहारेकरी असेल तर त्याचे नाव, गाव आणि महिन्याचा पगार किती, तो वेळेवर होतो का, हेही वर्गाला येण्याआधी विचारून या. आमच्या इमारतीत मी हे विचारले तेव्हा तीन महिन्यांची थकबाकी निघाली.

३ फेब्रुवारीला खडकमाळ आळीत उमाजींच्या स्मरणाला लोक जमतात. पुण्यातल्या वाचकांपैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी आपल्या कसबा पेठेच्या कार्यालयात यावे, इथून चालत जाऊ. त्या मुलाला मी पत्र लिहिले आहे. आता तो पंचविशीचा असेल. पत्र परत आलेले नाही, म्हणजे पोचले असावे.